घाण्यावरचा शेवटचा नंबर

अण्णा, तुमचा घाणा मी थांबवला आहे. हे तुम्हाला सांगायला हवं असं गेले कित्येक दिवस वाटतंय, आणि दर वेळी काही ना काही काम काढून मी ते पुढे ढकलते. आज सोमवार. आपल्याकडे सोमवारी तेल गाळत नाहीत, त्यामुळे काढायला काम नाही. बैल चऱ्होलीला गेले. तुमच्या हाताखाली ज्यांनी जन्मभर घाणा हाकला त्या मामांनी स्वतः त्यांना नेऊन आपल्या भावाच्या गोठ्यात बांधलं आणि परत आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. लाकडी घाणा शेडच्या मागे चिंचेखाली आहे. त्याच्या जागी आता विजेवर चालणारं मशीन आहे, लांबलचक, लोखंडी, आणि आवाज असा की स्वयंपाकघरातून आईने मारलेली हाक मला शेडमध्ये ऐकू येत नाही. आईला वाटतं मी मुद्दाम ओ देत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. पास झाले. आपल्या घरातलं पहिलं शिकलेलं माणूस मी, आणि तेवढं बघायला तुम्ही थांबला नाहीत. त्यानंतर धाकट्या काकांनी घाणा सांभाळला, पण त्यांचं मन त्यात नव्हतं. पिंपरीला औषधाचा कारखाना झाला, कामगारांची वसाहत झाली, दुकानांत डब्यातलं तेल आणि वनस्पती तूप आलं. दिवसभर घाण्याशी बसून तेल काढून न्यायला कुणाला वेळ आहे, असं काका म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. मुंबई रस्त्यावरचा एक मोटारदुरुस्तीवाला शेड मागत होता. मी मध्ये पडले. विजेचं मशीन आणू, एकदा बघू, म्हणून काकांच्या आणि आईच्या मागे लागले. आईने मोशीच्या रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा मोडला. काकांनी अट घातली, "दिवाळीला शेड चालती दिसली तर तुझी. नाय तर गॅरेजवाल्याला किल्ली दिली म्हणून समज." आता नवरात्र बसलं आहे. दिवाळीच्या तळणीचं तेल गाळून न्यायला बायका याच दिवसांत येतात. आल्या तर शेड राहील. नाही आल्या तर आईची जमीन माझ्या पायी गेली असं होईल. म्हणून मला बसवत नाही. उठते, शेडच्या दारापर्यंत जाते, कुलूप ओढून बघते, परत येते.

मी लहान असताना तुम्ही मला बैलामागच्या फळीवर बसवायचात. फळीवर वजन लागतंच, दगड ठेवण्यापेक्षा पोरगी बसलेली बरी, असं तुम्ही आईला सांगायचात. मी गोल गोल फिरत पाढे म्हणायचे. बायका भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या, आपापल्या करडईचं तेल निघेपर्यंत. घाण्याला आडोसा करावा, बायकांच्या तोंडाकडे बघत काम करायला नको वाटतं, असं एकदा मामा म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "बघू दे की. बघण्याने तेल कमी होत नाही." ते मला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी मी तेराच्या पाढ्यात अडकले होते आणि तुम्ही त्या बायकांसमोर मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलंत. आपण जे करतो ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत करायचं. तुमच्या धंद्याचा हा पाया होता आणि तो माझ्यात इतका मुरला आहे की मी भाजीत मीठ कमी घातलं तरी आईला सांगून टाकते.

आणि चष्मा. फळ्यावरचं दिसत नाही असं मास्तरांनी कळवल्यावर तुम्ही एक दिवस घाणा मामांवर टाकून मला आगगाडीने पुण्याला नेलंत. आत्या म्हणाली, चष्मेवाल्या पोरीला कोण करणार. डॉक्टरांनी चष्मा लावून दिला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तुमच्या सदऱ्याच्या बाहीवर तेलाचे डाग आहेत आणि तुम्ही त्यातल्या त्यात चांगला सदरा घालून आला आहात. परत येताना तुम्ही मला स्टेशनांची नावं वाचायला लावलीत. मला येत नव्हती म्हणून नाही, तुम्हाला येत नव्हती म्हणून. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

आता जे सांगायचं आहे तिकडे यायला मी किती वळसे घेते आहे बघा.

तुम्ही मला घाण्यावर एकदाच रागावलात. मी नऊ-दहा वर्षांची असेन. घाण्यावरचे नंबर गाठोड्यांनी लागायचे. बायका आदल्या संध्याकाळी गाठोडी आणून पडवीत भिंतीशी ओळीने ठेवायच्या आणि सकाळी त्याच ओळीने तेल गाळलं जायचं. वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बायकांची गाठोडी मात्र त्या ओळीत नसायची. ती वेगळी, पडवीच्या खाली, पायरीजवळ. त्यांचं सगळ्यांत शेवटी. त्या दिवशी त्यांच्यातल्या एकीचं तान्हं मूल उन्हात रडत होतं. मी फळीवरून उतरले आणि तिचं गाठोडं उचलून ओळीत पहिलं नेऊन ठेवलं. मला वाटलं मी चांगलं काम केलं. तुम्ही बायकांसमोर काही बोलला नाहीत, ते परत जागेवर ठेवलंत. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, मी जेवायला बसले होते, तेव्हा तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "नंबर मोडायचा नाही. परत असं दिसलं तर घाण्याशी येऊ नकोस." मी म्हटलं, पण ती सगळ्यांच्या आधी आली होती. मग म्हणालात, "ते तसंच चालत आलंय. कुणी कुणी त्यांचं गाळतसुद्धा नाहीत. आपण नाही म्हणत नाही, हे काय कमी आहे?" आई भाकरी थापत राहिली. तुम्ही चांगले होता अण्णा, आणि ते वाक्य तुम्ही चांगलेपणानेच बोललात, म्हणून ते मला जास्त बोचत राहिलं. त्यांचं गाळून झालं की तुम्ही घाणा राखेने पुसायचात. दुसऱ्या कुणाचं झाल्यावर नुसत्या फडक्याने. तुम्हाला माहीत नव्हतं की हे मी फळीवरून बघते आहे.

मशीन आणताना मी स्वतःशी काही गोष्टी ठरवल्या होत्या. धंद्यात बदल करायचा तर तो कसा करायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही, आणि रात्रंदिवस धाकधूक, की आपल्या हौसेपायी कुणाचं वाटोळं होईल. तेव्हा पहिलं हे ठरवलं की मशीनला ज्याची गरज नाही ते माणसांकडून काढून घ्यायचं नाही. मामांना ठेवायचं. काका म्हणाले, "बैल गेले तर बैल हाकणारा कशाला?" मी म्हटलं, मशीनलाही कान लावून बसणारं माणूस लागेल. सोमवारची सुटी काढायची असंही काकांचं मत होतं, मशीनला कसला आला सोमवार. तेव्हा मामा विडी विझवत म्हणाले, "बैलाला सुटी व्हती म्हनून आमाला व्हती. बैल गेला तर आमची बी गेली का, मालक?" काकांना हसू आलं आणि सोमवार राहिला. दुसरं हे ठरवलं की जे काही नवं करायचं ते आधी आपल्या घरच्या तिळावर. बिघडलं तर आपलं बिघडू दे. आणि तिसरं तुमचंच, की काही लपवायचं नाही. एवढं पाळलं की झालं, असं मला वाटलं होतं. यात काही राहून गेलं आहे हे मला दिसलं नाही.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. आकुर्डीच्या मावशी, तुमच्या वेळेपासूनच्या, त्या पहिल्याच दिवशी आल्या. मशीनकडे लांबून बघून म्हणाल्या, "ह्याच्यात घातलेलं परत मिळतं का गं, का इंजिन खातं?"

"तुमच्या करडईचं तेल तुम्हालाच मिळणार, मावशी. तुमचं गाठोडं वेगळं, तुमचं भांडं वेगळं."

"अन् नंबर?"

"नंबर पूर्वीसारखेच."

"मंग हरकत न्हाई. अण्णांची पोर हाय, खोटं न्हाई बोलायची." आणि घटकाभरात तेल घेऊन निघाल्यासुद्धा. जाताना म्हणाल्या, "आता दिवसभर घरी बसून सासूचं त्वांड बघायचं. तुझ्या मशीननं माझी एक सुटी खाल्ली बघ." सगळ्या बायका हसल्या. त्या दिवशी मी जेवले नाही, इतका आनंद झाला होता. तुमच्या करडईचं तेल तुम्हालाच. हे वाक्य मी त्या महिनाभरात किती जणींना सांगितलं असेल.

मग एके दिवशी आई स्वयंपाकघरातून तेलाचं भांडं हातात घेऊन पडवीत आली. घरच्या तिळाचं आदल्या दिवशीच गाळलेलं तेल. म्हणाली, "हे निव्वळ तिळाचं न्हाई. फोडणी टाकली तर कारळ्याचा वास मारतोय." मी चाटून बघितलं, मला काही कळेना. आईचं नाक तुम्हाला माहीत आहे. आदल्या दिवशी आपल्या तिळाच्या आधी एका बाईंचे कारळे गाळले होते. मी मामांकडे गेले. ते मशीनशेजारी पेंडीच्या पोत्यावर बसले होते.

"मामा, आधीच्याचं थोडं मशीनमध्ये राहतं का?"

"ऱ्हातंच की. पोट हाय त्येला. सगळं वकून थोडंच टाकतंय."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तू इचारलं का? अन् बोलून करायचं काय? दर खेपेला उघडून धुवायचं म्हनशील तर दिवसात तीन गाठोडी व्हतील. कुनाला कळतंय? तुज्या आईला सोडून कुनाला न्हाई कळायचं. गप ऱ्हा."

अण्णा, लाकडी घाणा तुम्ही दर गिऱ्हाइकामागे खरवडून पुसत होता. हे लोखंडाचं पोट पुसता येत नाही. प्रत्येकीच्या तेलात आधीच्या बाईचं थोडं आहे. म्हणजे महिनाभर मी जे वाक्य सगळ्यांना सांगत होते ते खरं नव्हतं. मला माहीत नव्हतं, हे ठीक, पण आता माहीत झालं होतं. आणि लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली. वस्तीतल्या बायकांचं आम्ही शेवटी गाळत होतो, तुमच्यासारखंच. रात्रभर ते पोटात राहतं. सकाळी पहिलं गाठोडं पडतं ते त्याच्यावर. पहिला नंबर बहुतेक वेळा आकुर्डीच्या मावशींच्या वाड्यावरचा असतो.

काकांना सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते. आरशात बघतच म्हणाले, "हे गावात बोललीस तर दिवाळीची वाट बघायला नको. उद्याच गॅरेजवाल्याला बोलावतो."

"पण मी सगळ्यांना सांगितलंय, तुमचं तेल तुम्हालाच."

"मग खोटं होऊ देऊ नकोस. सोपं आहे. सकाळी पहिलं आपल्या घरचं घाल. रात्रीचं जे काय राहिलं असेल ते आपल्या पोटात जाऊ दे. आपल्याला चालतं, नाय का? तू शिकलेली." आणि हसले. काका वाईट नाहीत. त्यांनी खरोखर वाट काढून दिली होती.

मी तसंच केलं. सांगते, दोन आठवडे मी तसंच केलं आणि मनातून मला फार बरं वाटत होतं. कुणाला दुखवलं नाही, धंदा मोडला नाही, आणि जे दुसऱ्यांना नको ते आपण पोटात घातलं. मधल्या नंबरांचं एकमेकींत मिसळत होतं ते होतंच, पण त्या एकाच गावच्या, एकमेकींच्या घरी जेवणाऱ्या, त्यांना काय त्याचं, अशी मी समजूत करून घेतली. बदल असा करावा, हळू, कुणाला न बोचता, असं मी मनाशी म्हणत होते. बोचत मलाच होतं. मी सारखी हात धूत होते.

मग गेल्या शनिवारी ती आली. तेव्हाची ती तान्ह्या मुलाची आई. तुम्ही, मामा, आई, तुम्ही सगळे तिला नुसत्या नावाने हाक मारायचात. ती माझ्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे, मला नाव घेववेना, म्हणून मी या वर्षी तिला काकी म्हणायला लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी कुणाला बोलावते आहे हे बघायला तिने मागे वळून पाहिलं होतं. तिचा नवरा औषधाच्या कारखान्यात लागला आहे, तिथे जेवायला सगळे एका बाकावर बसतात असं ती सांगते. तर आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या आधी तिने गाठोडं पायरीखाली ठेवलं होतं, आणि शनिवारी भल्या सकाळी, कुणीच आलं नव्हतं तेव्हा, येऊन बसून राहिली. एकामागून एक सगळ्यांचं झालं. दुपार कलली. शेवटी मी तिचं गाठोडं घ्यायला गेले आणि, काय सुचलं कोण जाणे, तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "काकी, आता मशीनमुळे तुम्हाला पूर्वीइतकं थांबावं लागत नाही, नाही का?"

ती मशीनकडे बघत होती. म्हणाली, "व्हय ताई, मशीन लय झ्याक हाय. मशीन नवं. नंबर तेवढा जुनाच का आणला?"

रागाने नाही. कारखान्यातल्या साहेबाला एखादी गोष्ट विचारावी तसं विचारलं आणि उत्तराची वाट बघत राहिली. चालत आलंय, असं म्हणायची मला लाज वाटली. "लोक येणार नाहीत" असं म्हणाले, तर ती म्हणाली, "आमी लोकच हाय की." मामा मागे पोतं आवळत होते. त्यांचे हात थांबले. मी तिचं गाळून दिलं. ती गेल्यावर मी शेडमध्येच बसून राहिले. आपण सगळं जपलं, मामा जपले, सोमवार जपला, काकांची अट जपली, आकुर्डीच्या मावशींचं मन जपलं, आणि हे सगळं जपलं त्याचा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवला. मी तिला काकी म्हणते, एवढ्यावर मी खूश होते. आपण नाही म्हणत नाही, हे काय कमी आहे, असंच की ते.

काल रविवारी शेड भरली होती. मी मशीन बंद करायला लावलं. माझा आवाज मोठा नाही. मी सांगितलं, या मशीनमध्ये प्रत्येकीचं थोडं मागे राहतं आणि पुढचीच्या तेलात जातं, हे मला आधी माहीत नव्हतं. मी सांगितलं होतं ते चुकीचं होतं. आणि मंगळवारपासून जो आधी येईल त्याचं आधी, पडवीत एकच ओळ, मग तो कुठूनही आलेला असो.

मग आकुर्डीच्या मावशी म्हणाल्या, "म्हंजी गावाचं न् वस्तीचं एक व्हनार म्हन की."

"ते झालेलंच आहे, मावशी. महिनाभर होत होतं."

"अन् आमी खाल्लं?"

"सुरुवातीला खाल्लंत. मलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यापासून रोज सकाळी आमच्या घरचं पहिलं घालत होते. आता ते घालणार नाही."

"अण्णा असते तर असं झालं नसतं बघ," त्या म्हणाल्या आणि कमरेला पदर खोचून आपलं गाठोडं उचललं. त्यांच्यामागे आणखी पाच-सहा जणी उठल्या. एक म्हातारी म्हणाली, "मला काय कळत न्हाई बया, माझं त्याल दे, पोरगी यायचीय बाळंतपनाला," आणि बसून राहिली. दुसरी एक आपल्या जावेला कोपर मारून म्हणाली, "चल की, का वस्तीचंच त्याल पाहिजे तुला?" जाऊ म्हणाली, "मला घरी जाऊन सैपाक करायचाय, कुनाचं बी दे." पण ती गेली दुसरीच्या मागे. कोण राहिलं आणि कोण गेलं हे मी नीट पाहिलंच नाही. मामांनी न विचारता मशीन सुरू केलं. काकांना संध्याकाळपर्यंत बातमी पोचली होती. त्यांनी मला हाक मारली नाही, आईला म्हणाले, "वहिनी, किल्ली काढून ठेवा." आई तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. रात्री एवढंच म्हणाली, "तुझ्या अण्णांनी असं चारचौघात केलं नसतं."

नसतंच केलं. मला ठाऊक आहे. आणि तरी मी हे तुमच्याच शिकवणीने केलं, असं मला वाटतं. डोळ्यांदेखत करायचं, हे तुमचं. पण नंबर मोडायचा नाही, हेही तुमचंच होतं. दोन्ही एकदम पाळता येईना म्हणून मी त्यातलं एक निवडलं. असं निवडायचा हक्क मुलीला असतो का, हे मी आज दिवसभर स्वतःला विचारते आहे. धंद्यात बदल करणाऱ्याने आधी हे बघावं की आपल्या बदलाने सगळ्यांत मागे कोण उभं राहतंय, असं आता मला वाटतं. हे मला मशीन आणायच्या आधी कळायला हवं होतं. आणि हे खरं असलं तरी त्याने दिवाळीला शेड चालती दिसेल असं नाही. माझं बरोबर निघालं आणि जमीन गेली, तर आईला मी काय सांगू? बरोबर होतं म्हणून?

मघाशी इतकं लिहून मी उठले. दिवे लागायची वेळ झाली होती. सोमवारी संध्याकाळी मंगळवारची गाठोडी लागतात. एरवी नवरात्रात पडवी भरते, भिंतीशी जागा राहत नाही. मी दारात जाऊन पाहिलं तर पडवीत एकच गाठोडं होतं, लाल लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं. भिंतीशी, ओळीच्या सुरुवातीला. काकी कधी येऊन ठेवून गेली कळलं नाही. त्याच्यापुढे सगळी पडवी रिकामी होती. मी तिथेच उभी राहिले. मग मागून आई आली. तिच्या काखेत घरच्या तिळाचं गाठोडं होतं, दिवाळीच्या तळणीचं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. वाकून, गुडघ्यावर हात टेकवून, ते गाठोडं लाल फडक्याच्या शेजारी ठेवलं. दुसऱ्या नंबरावर. जरा सरळ केलं, त्या गाठोड्याला शिवून असेल असं. मग म्हणाली, "बघत काय बसलीस? फाटक लाव, कुत्री येतात." आणि आत गेली.

अण्णा, उद्या आणखी कोण येईल मला माहीत नाही. कदाचित ही दोनच गाठोडी असतील आणि मशीन त्यांच्यासाठी सुरू करायचं की नाही यावरून काका भांडतील. सुरू करायचं आहे. तेवढं ठरलं आहे.

हे कागद मी कुठे पाठवणार? आणि पत्ता असता तरी पाठवले नसते, हे लिहिताना लक्षात आलं. तुम्ही गेल्यापासून एक दिवस असा नाही की तुम्ही असता तर, असं माझ्या मनात आलं नाही. आज पहिल्यांदा उलटं आलं. तुम्ही समोर असता, दारात उभे राहून नुसते बघत असता, तर काल मला तोंड उघडता आलं नसतं. तुम्ही नाही, याचं मला काल, तेवढ्या घटकेपुरतं, बरं वाटलं.